सुवर्णसारातली काळी काडी

विज्ञानाच्या मास्तरांचा हात धपकन खाली आला आणि शाळेच्या सभागृहातल्या दोनशे आईबापांनी एकदम श्वास आत ओढला. मास्तर तसे दणकट. प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट एकट्यानं सरकवणारा माणूस. उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ धरून ते उभे होते आणि डाव्या हातात शाळेच्या दुधाचा झाकण लावलेला पेला छातीशी धरला होता. चमचेबाबांनी दोन बोटं त्यांच्या मनगटावर ठेवली, जरासं दाबलं आणि हात गेला खाली.

"मी जोर लावला का?" चमचेबाबांनी सभेला विचारलं. "मी फक्त शरीराला विचारलं, बाळा, हे तुला चालतं का? शरीर म्हणालं, नाही चालत. डॉक्टर खोटं बोलतो, पुस्तक खोटं बोलतं, पण दंड कधी खोटं बोलत नाही."

मग त्यांनी पेला बाजूला ठेवला, स्वतःचा पिवळा डबा मास्तरांच्या छातीशी दिला आणि म्हणाले, "आता अडवा मला, सगळी ताकद लावून अडवा." त्यांनी दात-ओठ खाऊन दाबलं, कपाळावर घाम आणला. मास्तरांचा हात तसूभर हलला नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं तर डोळे पुसले. डब्याचं झाकणही उघडलं नव्हतं. बंद डब्यातलं चूर्ण शर्टाच्या गुंडीवाटे दंडात शिरलं कसं, हे कुणी विचारलं नाही.

मी मागच्या दारात रिकाम्या पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होते. या शाळेच्या स्वयंपाकघरात मला एकोणीस वर्षं झाली. मुलं मला मावशी म्हणतात, मास्तर मावशी म्हणतात, आमच्या मुख्याध्यापिका मोठ्या बाई, त्याही मावशीच म्हणतात. हक्कानं म्हणणारी एकच, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. चौथीत आहे. हाडानं बारीक आणि सतत कुठे ना कुठे निघालेली, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणतात.

तर चमचेबाबा. खरं नाव काय ते देव जाणे. पांढरा झगा, पांढरे बूट आणि गळ्यात रेशमी दोरीला चांदीचा चमचा. बोलताना तो चमचा असा हलवायचे की बघणाऱ्याचे डोळे आपोआप त्याच्याबरोबर हलायचे. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात म्हणतात. या गृहस्थानं बोरांच्या बियासुद्धा विकल्या असत्या.

"शाळेत तुमच्या लेकरांना काय पाजतात?" ते सांगत होते. "पावडरीचं दूध. मेलेलं दूध. गाईच्या आईपणाशी ज्याचा संबंध तुटला ते दूध. ते पोटात जातं आणि हाडांना विचारतं, मी कोण? हाडं म्हणतात, आम्ही नाही ओळखत. मग ते बिचारं छातीत कफ होऊन बसतं, डोक्यात आळस होऊन बसतं. म्हणून मूल ठेंगू राहतं. म्हणून गणित येत नाही."

गणित न येण्याचं कारण कळल्यावर अर्ध्या सभेच्या जिवाला केवढा आराम पडला ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

त्या माणसाला दोष देण्याआधी एक सांगते. त्यानं जमीन नांगरली नव्हती, ती आधीच नांगरलेली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून एकोणीस वर्षं मी दुधाबद्दल काय काय ऐकलंय. उभ्यानं प्यालं तर गुडघ्यात उतरतं. केळ्याबरोबर घेतलं तर पोटात दगड होतो. साय खाल्ली की डोळे पाणीदार होतात, आणि तीच साय परीक्षेच्या दिवशी खाल्ली की बुद्धीवर चढते. एका आजीनं मला चिठ्ठी पाठवली होती, नातवाला दूध देताना पेला डावीकडून फिरवावा. मी फिरवला नाही. नातू आता ट्रक चालवतो आणि दोन्हीकडून व्यवस्थित वळवतो.

सभेच्या शेवटी पालकसमितीचे अध्यक्ष उठले. त्यांचं कापडाचं दुकान, आणि मापात कापायची सवय. ते म्हणाले, "एक महिना दूध बंद करून बघू. महिन्यानं पुन्हा सभा घेऊ आणि कायमचं काय ते ठरवू." सगळ्यांचे हात वर गेले. विज्ञानाच्या मास्तरांचाही गेला. या वेळी तो खाली आला नाही.

मोठ्या बाईंनी मला हळूच विचारलं, "मावशी, पिंपात भरलेली दूधपावडर आहे तिचं काय करायचं?"

"ठेवायची," मी म्हटलं. "पावडर काय पळून जाते?"

तेवढ्यात चमचेबाबा मध्ये पडले. "ते विष शाळेत ठेवू नका बाई. मुलांच्या वासनेला ते बोलावत राहतं. मी घेऊन जातो. त्याची शुद्ध रीतीनं विल्हेवाट लावतो. काही नको मला त्याचं. सेवा समजा."

दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी आली, त्यांच्या माणसांनी पाच पिंपं रिकामी करून पावडर पोत्यांत भरली आणि नेली. मोठ्या बाईंनी सहीही केली. फुकटात कचरा नेणारा माणूस भेटला की कोण विचार करत बसतं. मी रिकामी पिंपं घासून पालथी घातली आणि दिवसभर सगळ्यांशी फटकून बोलले.

आता मुंगीचं सांगते, कारण ही गोष्ट तिच्या पेल्याची आहे.

माझी धाकटी बहीण कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीला आहे. पहाटे निघते. तिचा नवरा वर्षातले आठ महिने जहाजावर. मुंगी सकाळी स्वतःची वेणी स्वतः घालते, ती नेहमी एका कानाकडे जाते, दाराला कुलूप लावते आणि न खाता शाळेत येते. सकाळी तिच्या घशाखाली घास उतरत नाही आणि उतरवायला घरी कुणी नसतं. दहाच्या सुट्टीतला दुधाचा पेला हा तिच्या दिवसाचा पहिला घास. तो पिऊन ती पेल्याचा तळ बोटानं पुसते आणि मला दाखवते. बालवाडीपासून पाच वर्षं हे चाललंय.

दूध बंद झालं त्या दिवशी दहा वाजता ती खिडकीशी आली, सवयीनं हात पुढे केला आणि मग मागे घेतला. म्हणाली, "विसरले." मी तिला पाव देऊ लागले तर म्हणाली, "आईनं सांगितलंय, दुपारपर्यंत फक्त सुवर्णसार. मध्ये काही खाल्लं तर उंची तुटते."

सुवर्णसार म्हणजे त्या पिवळ्या डब्यातलं चूर्ण. रोज सकाळी एक चमचा, कोमट पाण्यात. बाकी दुपारपर्यंत उपास, म्हणजे शरीर म्हणे जागं राहतं. डब्याची किंमत मी सांगत नाही, उगाच तोंड कडू होतं. धाकटीनं त्यासाठी जास्तीच्या पाळ्या धरल्या होत्या.

पंधरवड्यात सगळ्या गल्लीत पिवळे डबे दिसू लागले. आणि मग आला चमत्कार. कुणाच्या तरी डब्यात चूर्णाच्या तळाशी एक काळी काडी सापडली. नखाएवढी, वाळकी. बाई घाबरून चमचेबाबांकडे गेली. बाबा क्षणभर बघत राहिले आणि मग त्यांनी डोळे मिटले. "माउली," ते म्हणाले, "ही सिद्धकाडी. ती माणूस घालत नाही, ती स्वतःहून येते. ज्या घरी ती आली त्या घरचं मूल वाढणार."

झालं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. लोक डबे चाळायला लागले. ज्यांच्याकडे काडी निघाली ते मिरवायला लागले, ज्यांच्याकडे निघाली नाही ते दुसरा डबा घ्यायला लागले. मुलांच्या गळ्यात काडीची पुरचुंडी आली. मधल्या सुट्टीत मुलं एकमेकांना विचारायची, "तुझ्याकडे किती?" कापडवाल्या अध्यक्षांच्या मुलाकडे तीन होत्या. त्याला गणितात भोपळा मिळाला, पण बाप म्हणाला, काड्या अजून कामाला लागायच्यात.

तिसऱ्या आठवड्यात, सकाळच्या रांगेत, मुंगी पडली. आवाजसुद्धा झाला नाही. मी स्वयंपाकघरातून धावत गेले तेव्हा ती फरशीवर बसून म्हणत होती, "मी घसरले." ओठ पांढरे पडलेले. मी तिला आत आणलं, साखरेचं पाणी पाजलं आणि तिच्या मनगटाभोवती माझं बोट आणि अंगठा मिळवून बघितलं. आधी जेमतेम मिळायचं. आता मिळून वर जागा उरत होती. मला इतका राग आला की मी भाजीच्या जागी स्वतःचं बोट कापलं.

संध्याकाळी मी धाकटीच्या घरी गेले. ती नुकतीच कामावरून आली होती आणि पायांवर गरम पाणी ओतत होती.

"पोरीला खायला घाल," मी म्हटलं. "आज ती शाळेत पडली."

"बाबा म्हणाले होते, आधी थोडी चक्कर येते. जुनं दूध बाहेर पडतं."

"अगं, पाच वर्षांपूर्वीचं दूध अजून आत बसलंय होय? भाडं देतं का?"

तिला हसू आलं नाही. ती म्हणाली, "ताई, तुला चेष्टा सुचते. वर्गात सगळ्यांत बुटकी आहे ती. सगळे मुंगी म्हणतात. मी दिवसभर घरात नसते. माझ्या हातून काहीतरी राहतंय असं मला रोज वाटतं. मी शिकलेली नाही. विज्ञानाच्या मास्तरांचा हात पडलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. ते शिकलेले आहेत ना? मग मी कुणाचं ऐकायचं?"

मी तांब्या घेऊन तिच्या पायांवर आणखी गरम पाणी ओतलं. मग तिनं कपाटातून एक डबी काढली आणि जरा लाजत म्हणाली, "आपल्याकडेही आली. काल."

डबीत कापसावर एक काळी काडी ठेवली होती. मी ती चिमटीत धरली, उलटी केली, वास घेतला. मग पुन्हा घेतला.

आता माझी एक सवय सांगते. मी चहात लवंग घालते, पण अख्खी घालत नाही. लवंगेचं फूल, म्हणजे तिचं वरचं मुंडकं, तेवढं मोडून चहाच्या डबीत ठेवते. खालची काडी टाकवत नाही. ती मी दूधपावडरीच्या पिंपात टाकते, मुंग्या येऊ नयेत म्हणून. प्रत्येक पिंपात मूठभर. माझ्या आईनं शिकवलेलं. मोठ्या बाई नेहमी हसतात, "मावशी, लवंगेतही काटकसर." अख्खी लवंग कुणीही ओळखतं. मुंडकं मोडलेली, वर्षभर पावडरीत मुरलेली काडी माझ्याशिवाय कोण ओळखणार?

"धाकटे," मी म्हटलं, "लिंबू आहे का घरात?"

मी सुवर्णसार चमच्यानं नाही, वाटीभर घेतलं, कोमट पाण्यात कालवलं, जरा गरम केलं आणि वर अर्धं लिंबू पिळलं. एका मिनिटात ते फाटलं. पिवळ्या पाण्यावर गोळे तरंगायला लागले. धाकटी बघत राहिली. आयुष्यभर दूध फाटताना बघितलेली बाई ती. तिला सांगावं लागलं नाही.

"हे दूध आहे," ती म्हणाली.

"दूध, साखर, पिवळा रंग आणि थोडा सुगंध. पोरीला शाळेत पेलाभर फुकट मिळत होतं तेच तू चमचाभर विकत आणतेस. आणि ही तुझी सिद्धकाडी माझ्या पिंपातली आहे."

धाकटी उठली. तिनं भाजी टाकली, मुंगीला ताटावर बसवलं आणि ती जेवत असताना तिच्या शेजारी पाठ फिरवून बसली, म्हणजे पोरीला आईचं तोंड दिसू नये.

दुसऱ्या दिवशी मी शाळा तपासायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "काडी आणि लिंबू पुरेसं नाही, मावशी. लोकांनी हात पडलेला पाहिलाय. आधी तो हात उचलायला हवा." मग त्यांनी मला एक युक्ती सांगितली. ती इतकी साधी होती की मला शरम वाटली, आपल्याला कशी नाही सुचली.

महिना भरला. सभा भरली. या वेळी गर्दी दाराबाहेर गेली होती, कारण दूध आमच्या शाळेत कायमचं बंद झालं की बाकीच्या शाळाही करणार अशी बोलवा होती. मोठ्या बाईंनी मला आधीच सांगितलं होतं, "मावशी, दोन पेले तयार ठेवा. पांढऱ्या झाकणाखाली शाळेचं दूध, पिवळ्या झाकणाखाली सुवर्णसार." नमुन्यासाठी थोडी पावडर राहिली होती, तिचं मी दूध केलं. दोन्ही पेले स्टीलचे, झाकणं घट्ट. मी ट्रे नेऊन मंचावर ठेवला आणि भिंतीशी उभी राहिले.

चमचेबाबांनी सभेवर नजर फिरवली. "आज मोठा माणूस नको. या शाळेतलं सगळ्यांत लहान, सगळ्यांत अशक्त लेकरू आणा. सुवर्णसार त्याच्यात काय भरतं ते बघा."

सगळ्यांनी मागे वळून मुंगीकडे बघितलं. धाकटी उठणार होती. मी तिला नजरेनं बस म्हटलं. मुंगी मंचावर गेली.

पांढऱ्या झाकणाचा पेला छातीशी. हात ताठ. "हे मेलेलं दूध," बाबा म्हणाले, दोन बोटं ठेवली आणि हात खाली. सभेत उसासे. मग पिवळ्या झाकणाचा पेला. "आता अडव मला बेटा, अडव." बाबांनी गुडघे वाकवले, मान लाल केली, हुंकार दिला. मुंगीचा काटकुळा हात तसाच. टाळ्यांनी छत दणाणलं.

"झालं?" डॉक्टरीणबाई उठल्या. "मग आता पेले उघडा."

"उघडायचं कशाला?" बाबा म्हणाले. "दंड बोलला."

"हातच्या काकणाला आरसा कशाला, तसंच ना? पण आम्हाला आरसा आवडतो. मुंगी, तू उघड गं."

मुंगीनं पांढरं झाकण उघडलं. आत पिवळं. पिवळं झाकण उघडलं. आत पांढरं. तिनं दोन्ही पेले सभेकडे तिरके धरले, न सांडता.

"झाकणं मी बदलली होती," मी भिंतीपासूनच सांगितलं. "बाबांच्या अमृतानं हात पाडला आणि शाळेच्या विषानं उभा ठेवला. दंड कधी खोटं बोलत नाही म्हणे."

चमचेबाबांनी चमचा हातात घेतला. मला वाटलं, आता घसरेल. पण गडी पक्का होता. "माउली," ते शांतपणे म्हणाले, "शंकेखोर हातानं ओतलं की अमृताचं विष होतं, हे शास्त्र आहे. आणि लेकराच्या निष्पाप छातीशी विषाचंही अमृत होतं. हा तर दुहेरी चमत्कार."

आणि खरं सांगते, पहिल्या रांगेतल्या दोनचार माना हलल्या सुद्धा. कापडवाले अध्यक्ष "बरोबर आहे" म्हणाले. मला तिथे रडू फुटायचं बाकी राहिलं होतं.

तेवढ्यात मुंगी म्हणाली, "पण बाबा, तुम्ही पांढऱ्याला इथे दाबता आणि पिवळ्याला इथे." तिनं आधी स्वतःच्या मनगटाला हात लावला, मग कोपराच्या वर. "आणि पांढऱ्याला तुम्ही सांगत नाही की आता दाबतो. पिवळ्याला सांगता."

ती तक्रार करत नव्हती. ज्याचा हात त्याला कळणारच. दोनशे जण बाबांच्या तोंडाकडे आणि चमच्याकडे बघत होते, हाताकडे फक्त हात बघत होता.

डॉक्टरीणबाईंनी सभागृहाचं जाड दार दाखवलं. "घरी जाऊन दार बिजागरीपाशी ढकलून बघा, मग कडीपाशी ढकलून बघा. कडीपाशी पोरगंही ढकलतं, बिजागरीपाशी पैलवानाला घाम फुटतो. तुमचा हात म्हणजे दार आणि खांदा ही बिजागरी. मनगटावर दोन बोटं पुरतात. कोपराच्या वर दाबताना घाम नाटकाचा नव्हता, खराच होता. आणि सावध केलेला माणूस हात घट्ट धरतो. एवढंच."

"मास्तर," मी म्हटलं, "तुमचा हात का पडला?"

विज्ञानाचे मास्तर जागेवरून उठले. कान लाल. "मला... तेव्हाच वाटलं होतं की मनगटावर दाबलं. पण सगळे बघत होते. पडायला हवा असं सगळ्यांना वाटत होतं. मग मीही फार धरला नाही." मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमच्या मास्तरांनी डोळे मिटून दूध घालवलं. तरी त्यांनी ते उभं राहून कबूल केलं, म्हणून मी त्यांना अजून चहा देते.

मग मी मंचावर गेले. "बाबा, एकदा तुमचा हात धरा. हा तुमचाच डबा, छातीशी घ्या."

"मी साधक आहे, खेळ नाही करत."

"लेकराचा हात चालला, तुमचा नको?"

सभेतून कुणीतरी "धरा की" म्हणालं, मग दहा जण म्हणाले. बाबांनी हात धरला. एकोणीस वर्षं मी पन्नास किलोची पिंपं हलवतेय. पण तेवढ्याची गरज नव्हती. मी त्यांच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि शरीराला विचारलं, बाळा, हे तुला चालतं का? शरीर म्हणालं, नाही चालत.

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. हसू मागच्या रांगेतून पुढे आलं आणि मग थांबेना.

त्या हसण्यात मी माझी चहाची डबी टेबलावर उपडी केली. लवंगेची फुलं, नुसती मुंडकी, ढीगभर. "ज्यांच्याकडे सिद्धकाड्या आहेत त्यांनी आणाव्यात," मी म्हटलं. "त्यांची मुंडकी माझ्याकडे आहेत. पाच पिंपांतून शाळेचं दूध गेलं, त्याच्याबरोबर माझ्या काड्या गेल्या. ते दूध रंग लावून तुमच्या घरी परत आलं." मग मी लिंबू पिळून दाखवलं. शाळेचं दूधही फाटलं, सुवर्णसारही फाटलं.

एकेक बाई पोराच्या गळ्यातली पुरचुंडी सोडायला लागली. कापडवाल्या अध्यक्षांनी तिन्ही काड्या एकदम टेबलावर ठेवल्या आणि कुणाकडेही न बघता जागेवर जाऊन बसले.

चमचेबाबा कधी गेले ते कुणाला दिसलं नाही. गाडी मात्र पोलिसांना दोन दिवसांनी सापडली, पोत्यांसकट. त्यांनी किती लोकांना फसवलं याचं मला एवढं वाटत नाही. मोठ्यांनी फसावं, त्यांची हौस. पण हा माणूस पोरांच्या टाळूवरचं लोणी खाणारा निघाला, आणि ते लोणी वाटीत घालून त्याच्या पुढे आम्हीच धरलं होतं.

सोमवारी दूध सुरू झालं. त्याआधी डॉक्टरीणबाईंनी पालकांना बसवून सांगितलं ते मी इथे सांगते, कारण दूध जिंकलं म्हणून पुन्हा दुधाची आरती नको. "दूध अमृत नाही आणि विषही नाही. ते खाणं आहे. काही मुलांना पचत नाही, त्यांना शाळा दुसरं काही देते. उंची एका पेल्यानं वाढत नाही, पण उपाशी ठेवल्यानं खुंटते, हे मात्र नक्की." पी हळद आणि हो गोरी असं पोषणात काही नसतं, रोज पोटभर लागतं. कंटाळवाणी गोष्ट आहे. तिला टाळ्या पडत नाहीत.

दहाच्या सुट्टीत मुंगी खिडकीशी आली. पेला प्यायली, तळ बोटानं पुसला, दाखवला. मी जिंकलेल्या तोऱ्यात होते. नवीन पावडर पिंपात ओतली होती आणि मूठभर लवंगेच्या काड्या वर टाकत होते.

"मावशी, याने मुंग्या येत नाहीत?" तिनं विचारलं.

"नाही येत."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या आजीनं."

"तिनं बघितलं होतं?"

मुंगीनं दोन बश्या घेतल्या, दोन्हीत चिमूटभर साखर टाकली, एकीत माझ्या काड्या घातल्या आणि दोन्ही खिडकीत ठेवल्या. दुपारच्या सुट्टीत मला हाताला धरून नेलं. दोन्ही बश्यांत मुंग्यांची रांग लागली होती. एक मुंगी तर काडीवरूनच चढून पलीकडे उतरत होती.

एकोणीस वर्षं. रोज मूठभर. त्या पिंपात मुंग्या शिरल्या नाहीत त्या झाकण घट्ट होतं म्हणून, आणि श्रेय घेतलं काडीनं. मला चमचेबाबांच्या सभेतल्या पहिल्या रांगेतल्या बाईची आठवण झाली, डोळे पुसणारीची. तिच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की माझी काडी फुकट होती.

तेव्हा मायबाप, तुमच्या घरातही एखादी काडी असेल. कुणी तरी मोठ्या मायेनं दिलेली असेल. देणाऱ्यावर रागावू नका, पण दोन बश्या मांडा. झाकणं बदलून बघा. जे खरं आहे ते दोन बश्यांना भीत नाही. आणि तुमच्याकडून होत नसेल तर घरातल्या सगळ्यांत लहान पोराला विचारू द्या, आणि ते विचारत असताना त्याला गप्प बसवू नका. आधी त्याच्या पोटात काही गेलंय का, एवढं मात्र बघा.

माझ्या लवंगा आता अख्ख्या, काडीसकट चहात जातात. चहा पूर्वीपेक्षा बरा होतो, असं मास्तर म्हणतात. मुंगी म्हणते, ते झाकून प्यायला देऊन बघायला हवं.